बटणाचं वजन आणि बेचाळीस दात

नाही, तुम्हीच सांगा, चार पायांचा प्राणी, दहा-बारा पावलं नीट चालतो, मग एकदम मागचा डावा पाय वर, तीन पावलं लंगडी घालतो, मग पाय खाली आणि पुन्हा जसं काही घडलंच नाही... आणि घरातली माणसं म्हणतात, "अहो, खेळतोय तो." खेळतोय? एखादं माणूस लंगडेल हो खोटंखोटं, मी स्वतः शाळेत कवायतीच्या तासाला दर आठवड्याला लंगडायचो, पण या एवढ्याशा टेरिअरला कुठली कवायत चुकवायची आहे? हा पाय वर का जातो, मला आपलं एवढंच जाणून घ्यायचं होतं. बसा ना, सरकतो मी. पिशवीत मांजर आहे का तुमचं? असू दे, हा काही करत नाही, नुसता बघतो.

याचं नाव बटण. माझा नाही, लेकीचा. तिला कंपनीनं सहा महिन्यांसाठी दुसरीकडे पाठवलं, तिथे कुत्रा चालत नाही, म्हणून आमच्याकडे. जाताना जावयाच्या गळ्यात पडली नसेल एवढी याच्या गळ्यात पडून रडली, आणि मला काय म्हणाली? "बाबा, चार पायांवर देतेय, चार पायांवर परत द्या." मी हसलो. म्हटलं, अगं, चौतीस वर्षं मी वजनाचे काटे दुरुस्त केलेत, सोनाराच्या नाजूक काट्यापासून ट्रक तोलायच्या काट्यापर्यंत, एक कुत्रा सांभाळायला काय लागतं? तिसऱ्याच महिन्यात पाय वर. आता ती पुढच्या रविवारी येतेय, आणि आज याचं शेवटचं वजन आहे, म्हणून तुम्हाला दिसतोय तसा मी घामाघूम बसलोय. आमची ही तिकडे फाईल द्यायला उभी आहे, तेवढ्यात मोकळेपणानं सांगतो.

पहिल्यांदा इथे आणला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर घेतलं, पाय हातात धरून असा हलकेच वाकवला, सरळ केला, आणि मला म्हणाल्या, "काका, बोट ठेवा इथे." ठेवलं. तर काय सांगू तुम्हाला, गुडघ्याची वाटी, शर्टाच्या बटणाएवढी, ती बोटाखालून टुक्कन बाजूला सरकली आणि टुक्कन परत आली! मी म्हटलं, पुन्हा दाखवा. त्यांनी पुन्हा दाखवलं. मी म्हटलं, अजून एकदा. तर म्हणाल्या, "काका, ते खेळणं नाहीये." म्हणजे वाटी खोबणीतून सरकली की हा पाय वर घेतो, जागेवर आली की खाली ठेवतो. काय साधं आहे बघा. या लहान कुत्र्यांत म्हणे हे पुष्कळदा असतं. मला तर इतकं बरं वाटलं कळल्यावर, की पुढचं ऐकूच आलं नाही, हिनं कोपर मारलं तेव्हा ऐकलं.

पुढचं असं, की वजन. याचं असायला हवं पाच किलो आणि भरलं पाच किलो सातशे. तुम्ही म्हणाल, सातशे ग्रॅम म्हणजे काय! मीही म्हणालो असतो. पण हिशेब करा, माझ्यासारख्या माणसानं नऊ-दहा किलोचं पोतं सतत पाठीवर घेऊन फिरण्यासारखं झालं ते, आणि तेही सरकत्या वाटीवर. बाई म्हणाल्या, वजन उतरलं तर बहुधा एवढ्यावर निभावेल, नाही उतरलं तर वाटी आणखी सरकणार, मग ऑपरेशन. ऑपरेशन म्हटल्यावर हिचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

मग सूचना. सोफ्यावरून उड्या नाहीत, खाली पाट ठेवा. गळ्यात पट्टा नको, या जातीची श्वासनळी नाजूक, ओढ बसली की बदकासारखे खोकतात, तेव्हा छातीवरून बांधायचा तो हार्नेस घाला. द्राक्षं नाहीत, चॉकलेट नाही, कांदा नाही. जेवण मोजून, दिवसाला पासष्ट ग्रॅम, आधी ऐंशी होतं. आणि ओठ वर करून दाखवला तर मागचे दात पिवळेधमक. "रोज ब्रश करा, त्याची पेस्ट वेगळी मिळते, आपली वापरू नका. आणि करू दिलं की शाबासकी म्हणून काहीतरी द्या, इवलंसं." इवलंसं. हा शब्द लक्षात ठेवा.

घरी आलो आणि माझ्यातला काटेवाला जागा झाला. माझा स्वतःचा काटा, अर्ध्या ग्रॅमचा फरक दाखवणारा, तो स्वयंपाकघरात मांडला. पण मला प्रश्न पडला, की ऐंशी ग्रॅमवर सातशे ग्रॅम वाढलेच कसे? कुठून येतं हे वजन? मला आपलं एवढंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून एक अख्खा दिवस मी याच्या मागेमागे फिरलो, हातात वही, पायात मोजे, म्हणजे आवाज नको. साडेसातला हा आमच्या हिच्या पायाशी. टोस्टचा तुकडा. "अगं, तू देतेस?" तर म्हणते, "मी देत नाही, तो बघतो माझ्याकडे." नऊ वाजता जिना चढून वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांच्या दारात, जाऊन नुसता बसला. मी विचारलं, "काका, तुम्ही याला काही घालता का हो?" शिंपीकाका मशीनवरून मान न उचलता, "छे छे, आपल्याला सवय नाही तसली." आणि बोलता बोलता डाव्या हातानं डबा उघडला, बिस्किट खाली सोडलं. त्यांना स्वतःला पत्ता नाही हो! आठ वर्षं मांजर होतं त्यांच्याकडे, गेलं ते, हाताला सवय राहिली.

झालं. दोघांना तंबी दिली. शिंपीकाकांचा डबा वरच्या फळीवर, हिची खुर्ची टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. पासष्ट ग्रॅम म्हणजे पासष्ट, दाणा इकडचा तिकडे नाही. फिरायला सकाळ-संध्याकाळ, सपाट रस्त्यानं, हळूहळू. रोज बरगड्यांवरून हात फिरवायचा, हाडं बोटांना लागली पाहिजेत. सहा आठवडे. मी इतका खूश, येताना रिक्षात लेकीला फोन करून सांगितलं, "बघ तू, आज काय आकडा येतो." वजन कसं करतात माहितीये ना इथे? हा काट्यावर स्थिर उभा राहत नाही, थरथरतो, म्हणून मी याला कडेवर घेऊन उभा राहायचं, मग याला खाली ठेवून मी एकट्यानं, आणि वजाबाकी. माझं जातं, याचं उरतं.

उरलं सहा किलो.

सहा! हिनं माझ्याकडे बघितलं, मी बटणाकडे बघितलं, बटणानं काट्याकडे बघितलं. आणि मी काय केलं असेल? चौतीस वर्षांची सवय, मी म्हटलं, "बाई, राग मानू नका, तुमचा काटा चुकतोय." सरळ घरी गेलो, माझी पितळी वजनं, एक किलोची, दोन किलोची, पाच किलोची, पिशवीत भरून परत आलो आणि या इथे, याच फरशीवर पालथा पडलो, काट्याखाली डोकं घालून. तो तिथला कंपाउंडर आहे ना, तो मला ओलांडून जात होता आणि दर वेळी "सॉरी काका" म्हणत होता. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून बघितलं. एका ग्रॅमचा फरक नाही. इतका सुंदर काटा मी किती वर्षांत पाहिला नव्हता. बाई दारात उभ्या. म्हणाल्या, "काका, झालं समाधान? काटा बरोबर आहे?" म्हटलं, बरोबर आहे. "मग कुत्रा चुकीचा आहे का?"

मी तिथेच बसलो फरशीवर. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं. पाय तसाच, वजन वर, लेक येणार, आणि मी काही चोरलेलं नाही, लपवलेलं नाही, एकेक दाणा तोललेला. मग येतंय कुठून? हवेतून? मला आपलं एवढंच जाणून घ्यायचं होतं, बाकी मला फाशी द्या.

बाई शहाण्या हो. त्यांनी ओरडा केला नाही. म्हणाल्या, "दिवसभरात याच्याबरोबर जे जे करता, ते मला करून दाखवा." मी केलं. हार्नेस घातला, हात फिरवला, त्यात काही चूक नाही. मग म्हणाल्या, "दात." मी खिशातून ब्रश काढला, पेस्ट काढली, आणि छोटी डबी काढली. डबीत चीजचे तुकडे. अर्ध्या ग्रॅमचा एकेक, तोलून कापलेला, इवलासा! बाईंना दाखवला, त्या म्हणाल्या, "छान, बरोबर एवढाच." मी पहिला दात घासला. शाबासकी, एक तुकडा. दुसरा दात घासला. शाबासकी, एक तुकडा. तिसरा... चौथा... पाचवा... बटण आपला राजासारखा तोंड उघडून बसलेला, पेशंट असावा तर असा. अकराव्या दाताला बाईंनी माझा हात धरला.

"काका, कुत्र्याला दात किती असतात?"

मी अभिमानानं म्हटलं, "बेचाळीस. मोजलेत मी."

"आणि रोज बेचाळीसच्या बेचाळीस..."

"एकही चुकवत नाही."

मागे कंपाउंडरनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ही खुर्चीत बसली. आणि मग माझ्या डोक्यात, बरं का, आपोआप गुणाकार झाला. बेचाळीस अर्धे एकवीस. म्हणजे जेवणातून पंधरा ग्रॅम कमी केले मी, आणि दातांतून एकवीस ग्रॅम चीज वाढवलं. "अहो, पण वहीत कसं नाही आलं हे?" ही विचारते. कसं येईल? जेवणाची वही निराळी, दातांची निराळी! दातांच्या वहीत रोजच्या तारखेला स्वच्छ अक्षरात लिहिलंय मी, दात बेचाळीस, तुकडे बेचाळीस. ते औषधपाणी झालं, ते खाण्यात कसं धरणार? शिंपीकाकांना मी हसलो होतो. त्यांच्या निदान हाताला माहीत नव्हतं, मी तर लिहून ठेवलं होतं.

तेव्हापासून शाबासकी बंद. आणि गंमत सांगू? याला फरकच पडला नाही. त्या पेस्टलाच कोंबडीचा वास येतो, तोच चाटायला हा तोंड उघडतो. म्हणजे चीजची कुणालाच गरज नव्हती. सात आठवडे झाले आता. पाय... तुम्ही बघताय ना मघापासून? घेतला का वर? मीही मोजतोय, कालपासून दोनदाच. पण काटा काय म्हणतो ते महत्त्वाचं. आलो, आलो बाई, बोलावलं आम्हाला. चल रे. मांजर सांभाळा, येतोच.

...

पाच किलो शंभर! पाच किलो शंभर, ऐकताय ना? वाटी आता क्वचितच सरकते म्हणाल्या, ऑपरेशन सध्या तरी नाही, वजन एवढंच ठेवा. चार पायांवर परत, लेकीला आत्ताच फोटो पाठवला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, लपवत नाही. बसतो जरा. बसू द्या, गुडघा कुरकुरतोय.

नाही, यात काही वाईट नाही, म्हणजे... थोडं आहे. ती वजाबाकी करतात ना? माझं जातं आणि याचं उरतं? तर आज बाईंनी वजाबाकी केली आणि पेन खाली ठेवलं. "काका, पहिल्या दिवशी तुम्ही अडुसष्ट होता. आज बाहत्तर कसे?" मी म्हटलं, काटा... पण काटा मीच तपासलेला. ही माझ्या खिशाकडे बघायला लागली. डबी निघाली. आता सांगा, बेचाळीस तुकडे कापायची हाताला सवय झालेली, कापून झाल्यावर टाकायचे का? आणि दर दाताला काम कोण करतं, तो का मी? थोडी शाबासकी नको? बरं, ते बटणाच्या दातांच्या वहीत लिहिता येईना आणि जेवणाच्या वहीतही बसेना. एकवीस ग्रॅमनं चार किलो नाही चढत म्हणता? ही पण हेच म्हणाली. तेव्हा मला सांगावं लागलं, की शिंपीकाकांचा डबा वरच्या फळीवर ठेवला तो मीच, आणि तिथे हात माझाच पोचतो.

बाईंनी फाईल बंद केली. म्हणाल्या, "बटणाला आता दोन महिन्यांनी आणा. काका, तुम्ही दर शनिवारी या." म्हटलं, अहो बाई, हा तर जनावरांचा दवाखाना. तर ही काय म्हणाली माहितीये? "येतील. मी घेऊन येते." आणि बघा ना आता, बटण मोकळा पुढे चाललाय चारही पायांवर, आणि हिनं धरलंय ते मला.