गादीला वारस

अहो, जिने चढा म्हणे! कोणाला? लिफ्टवाल्याला! तुम्हाला सांगतो, पाचव्या मजल्यावरच्या त्या साखरेच्या डॉक्टरांचे पेशंट रोज वर नेऊन सोडणारा मी, आणि मलाच म्हणतात, "जिने चढत जा." मग लिफ्ट कोण चालवणार, तुमचा कंपाउंडर?

बरं, मी काही हौसेनं गेलो नव्हतो... बुटातला खिळा पायात घुसला आणि मला पत्ताच नाही! मोजा लाल झालेला बघून बायको किंचाळली, तेव्हा कळलं. डॉक्टर विचारतात, "घरात कोणाला साखर आहे?" म्हटलं, कोणाला नाही ते विचारा! एक ताई सोडली तर सगळ्यांना! आजोबा, दोन्ही काका, बाबा... रक्तातच आहे आमच्या!

बाबा याच लिफ्टवर होते, याच स्टुलावर. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय. तरी ऐट बघा, "लिफ्टला पाय कशाला लागतो रे? बोट पुरतं!" ते गेले आणि गादी मी चालवायला लागलो. दिवसभर वर-खाली, वर-खाली, आणि पाऊल म्हणाल तर एक नाही. चहासुद्धा स्टुलावर येतो, बिस्किटांसकट. आता साखर होणारच की, रक्तातच आहे!

"मग तुमच्या ताईंना कशी नाही?" डॉक्टर. आमची ताई दारोदार टपाल वाटते, पायाला भिंगरी. आईबाप तेच, रक्त तेच आणि साखर नाही! मी खुर्चीत आणखी रेलून बसलो. बसण्यात आमचा हात कोण धरणार?

"रक्त बदलता येत नाही हो, स्टूल सोडता येतं. नाहीतर तुमचाही अंगठा..." खरं सांगू? टरकलो. त्या अंगठ्याला अजून चिमटा काढून बघतो... काही कळत नाही.

घरी लेकीला म्हटलं, बाई गं, शिक्षण संपवून नुसती बसलीयेस, तू तरी चालत जा. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणते, "कशाला बाबा? रक्तातच आहे ना आपल्या?" माझंच वाक्य! आणि ऐट थेट तिच्या आजोबांची!

पेटलो ना मी! जखम भरल्याबरोबर मॅनेजरला सांगितलं, स्टूल नको, मला जिने झाडायला लावा. झाडू घेतला आणि निघालो. पहिला मजला... दुसरा... तिसऱ्यावर फतकल मारली, डोळ्यांपुढे काजवे, तोंडाला फेस. एवढ्यात शेजारून लिफ्ट वर आली, पेशंटांनी गच्च. जाळीतून बघतो तर स्टुलावर कोण? आमची लेक! मांडीवर बिस्किटांचा पुडा.

"बाबा, मॅनेजरनी तुमच्या जागी मला ठेवलं! आता तुम्ही चाला निवांत!"

घ्या! नुसतं रक्तात नाही, स्टुलातही आहे, हे कळायला मला जन्म लागला... आणि स्टुलाला वारस मिळायला एक सकाळ.