गॅलनमागे बेचाळीस मैल

अमरावतीच्या स्टँडवर, मोर्शीच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोघे होते.

"खुशालराव, तुमी एस.टी.नं? जुनी मोटार घेतली होती नं?"

"घरी हाय. गॅलनले बेचाळीस मैल देते. मागची सीट काढली, स्टेपनी काढली. चढ आला का बायकोले उतरवतो."

"अन् वहिनी उतरतात?"

"सहा महिने उतरली, नत्थुजी. परवा चढ संपल्यावर तिच्यासाठी थांबलो, तं मोटारीजवळून सरळ पुढं गेली. मागून एस.टी. आली, तिच्यात बसून माहेरी, मोर्शीले गेली. म्हनते, मागच्या सीटशिवाय येत नाही."

"मंग लावा नं सीट."

"लावली. छत्तीसच मैल भेटले. पुन्हा काढली."

"अन् वहिनी आल्याच नाही तं?"

"तं पंचेचाळीस भेटतील. पन मंग जाऊ कुठं?"