दस्तीखालचा हात

दूर राहणाऱ्या माझ्या नातवंडांनो, परभणीतला आपला प्लॉट सुमनबाई नावाच्या एजंटनं विकून दिला. त्यानंतर चहा घेताना त्या बोलत गेल्या, ते त्यांच्याच शब्दांत तुमच्यासाठी लिहिते आहे.

माझं माहेर वालूरकडचं, काकू. आबा बैलबाजारात दलाल होते. आता काय सांगू तुमाला, त्यांचं बोलणं कमी अन् बोटंच जास्त. खांद्यावरची दस्ती काढायची, घेणाऱ्याचा हात तिच्याखाली धरायचा अन् बोटं दाबून भाव सांगायचा, भोवती माणसं बघायलीत पण कुणाला काही कळत न्हाई. मी त्यांच्या गुडघ्याला टेकून ते हलणारं कापड बघायची, मला वाटायचं तिच्याखाली पाखरूच हाय. सौदा जमला की आबा अख्खा पंजा दाबायचे अन् दस्ती झटकून परत खांद्यावर टाकायचे. पण म्हणायचे, दस्तीखाली भाव झाकायचा, बैलाची खोड न्हाई. मारका असला तर मारका म्हणून मोठ्यानं सांगायचे, गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

लग्न होऊन परभणीत आले. मालक ऑटो चालवतात. शेजारणीला खोली दाखव, कुणाला प्लॉट दाखव, असं करता करता माझा बी तोच धंदा झाला. मला लय आवडतं बघा. मोकळं काळं रान, त्यात चुन्याच्या रेघा, बाकी काहीच न्हाई, पण मला तिथं घरं दिसतात. हितं ओटा, हितं लेकीच्या बाळंतपणाची खोली, तिथं सांजेचा दिवा लागलाय. मी बोलत राहते अन् हळूहळू गिऱ्हाइकाला बी दिसायला लागतं.

मग नियम आला. ज्यांचे प्लॉट मी दाखवायची ते बिल्डर म्हणाले, ताई, आता ट्रेनिंग, परीक्षा, सरकारी नोंदणी, सगळं लागतं, त्याच्याबिगर तुमाला साइटवर उभं करता येत न्हाई मला. दहावीनंतर मी पुस्तक उघडलं नव्हतं काकू. नापास झाले तर ती रानं अन् ती घरं सगळी सुटणार. मालक हसले, म्हणाले, दलालाच्या पोरीची दलालीत परीक्षा, उद्या माशाला पोहायचं लायसन मागतील. पण ऑनलाइन क्लास सुरू झाला की तेच मोबाइल कुकरला टेकवून उभा करून द्यायचे.

परीक्षा नांदेडला होती. सोबत आबांची दस्ती मागून घेतली होती. सकाळची गाडी चुडाव्याच्या ठेसनात लय वेळ थांबून राहिली, बाहेर धुकं, अन् त्या धुक्यात मी आजवर दाखवलेली सगळी घरं उभी, दारं उघडी, आत माणसं जेवायलीत. गाडी हलली अन् परत नुसतं रान.

हॉलमधी लय थंडी. एक सवाल आला, जागेत दोष हाय पण घेणाऱ्यानं विचारलं न्हाई, तर एजंटनं काय करावं? खाली चार उत्तरं, मला चारी बी खरीच वाटायला लागली. तेवढ्यात हॉलवर लक्ष ठेवणाऱ्या मॅडम आल्या, ओ ताई, कापडाखाली काय करायलाव? बघते तर आबांची दस्ती कॉम्प्युटरच्या माऊसवर पांघरलेली अन् माझा हात तिच्याखाली! सगळा हॉल वळून बघायला लागला. माझ्या तोंडून निघून गेलं, मॅडम, भाव करायले. त्या हसल्या, पण दस्ती उचलून बाजूला ठेवली. माझा हात उघडा पडला तसे आबा आठवले, खोड न्हाई, खोड न्हाई. मग उत्तर कोणतं ते दिसलं.

पास झाले. नोंदणीचा कागद घेऊन वालूरला गेले. आबांना आता माणसं ओळखू येत न्हाईत, कधी कधी मला बी गिऱ्हाईक समजतात. कागद वाचून दाखवला, ते आपले लांब कुठंतरी बघायलेत. मग मी दस्ती काढून त्यांचा हात तिच्याखाली घेतला. मग त्यांनी अख्खा पंजा दाबला. काय विकलं आबा, म्हणलं, कुणाला विकलं? त्यांनी दस्ती झटकली अन् माझ्या खांद्यावर टाकली.

काकू, तुमच्या प्लॉटच्या कोपऱ्यात पाणी साचतं, ते मी घेणाऱ्याला आधीच सांगितलं, म्हणून तुमाला दोन पैसे कमी आले. रागावू नका. मला तिथं घर दिसायलंय, अंगणात पोरं खेळायलीत. ज्यांचं हाय त्यांना तिथं निवांत झोप लागू दे, अन् तुमच्या लांबच्या लेकरांना बी, जिथं असतील तिथं.