पंगतीतलं चौदावं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सतीशजी, व्यासपीठावरील मान्यवर, उत्सवमूर्ती साधनाताई साळवे आणि आखातातल्या या फुजैऱ्यातल्या माझ्या मोजक्या मराठी मंडळींनो, सर्वांना राजाभाऊचा नमस्कार.

दोन शब्द बोला म्हणाले. माइक हातात आलेला माणूस दोन शब्दांवर कधी थांबलाय का?

साधनाताई परवा नगरला परत चालल्या. नोकरी संपली, व्हिसा खलास. इथे आपण सगळेच त्या रांगेत. त्यांच्या ऑफिसातल्या जपानी साहेबांच्या पत्नीनं त्यांना स्टेन्सिलची लोककला शिकवली. फळाचा रस चढवून कडक केलेला कागद कोरायचा आणि त्यातून रंग उतरवायचा. त्या बाईंच्या एका चित्रात येशूचं शेवटचं भोजन होतं. टेबल-खुर्ची नाही, सगळे चटईवर बसलेले, पुढ्यात मासा. ताई म्हणाल्या, "अहो, ही तर आपली पंगत!" आणि दर रविवारी याच हॉलमध्ये आमचा वर्ग सुरू झाला.

तेच भोजन आम्ही पंगत म्हणून कोरायला घेतलं आणि त्यातली जेवणाची पानं कोरायचं काम माझ्याकडे आलं. येशू आणि बारा शिष्य. छपाई झाली आणि वर्गातली छोटी रिद्धी ओरडली, "अंकल, वन प्लेट इज एक्स्ट्रा!" मोजलं. माणसं तेरा, पानं चौदा. मी घाईनं म्हटलं, "ते नैवेद्याचं." ताई हसल्या, "राजाभाऊ, देव स्वतःच पंगतीत बसलाय. नैवेद्य कुणाला दाखवताय?"

हशा पिकला. मीही हसलो. पण खरं सांगू? माझी बायको मृणालिनी गेल्यापासून मी घरी रोज दोन पानं मांडतो. एक मांडवत नाही हो.

ताईंनी ते ओळखलं असावं. सगळे म्हणाले, नवीन कोरा. त्या म्हणाल्या, "राहू दे. कुणीतरी यायचं असेल." पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर सुरमईच्या कालवणाचा डबा घेऊन माझ्या दारात हजर! "पान मांडलंय ना?" तेव्हापासून रविवारी माझ्या घरात माणसांचं बोलणं असतं. एरवी टीव्हीचं.

आता ते पान पुन्हा रिकामं. ताई, मला या रविवारची भीती वाटते.

अध्यक्ष घड्याळ बघताहेत, तेव्हा आवरतो. मंडळाचे आभार, ताईंना उदंड आयुष्य. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. फक्त ते चौदावं पान चूक समजून माफ करू नका. रविवारी मी ते मांडणार आहे. कुणीतरी जेवायला या.