भाऊ वकिलांची शाबूत काच

भिंतीला काय होतंय, असं म्हणू नका माझ्यासमोर. तीस-बत्तीस सालची गोष्ट, मी रत्नागिरीत ओव्हरसियर होतो. भाऊ वकिलांच्या घरामागे डोंगर अडवणारी चिऱ्याची भिंत होती. मागच्या कातळात लोखंडी सळ्या रोवून आम्ही ती आवळून धरलेली. पावसाळ्यात तिला तडा गेला. तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून मी भाऊंना बजावलं, "काच फुटली म्हणजे भिंत हलली. त्या क्षणी घर सोडायचं."

पुढे बाजारात भेटले की मी विचारायचो, "काच?"

"शाबूत."

श्रावण सरला तरी शाबूतच. मला चैन पडेना, स्वतः गेलो. काच होती, पण माझी नव्हती.

भाऊंच्या आई म्हणाल्या, "फुटकी काच घराला ठेवतात काय? देवाच्या तसबिरीची काढून लावली हो मी."

"कितीदा फुटली, काकू?"

"एकदाच."

मी सगळ्यांना जेवत्या पानावरून उठवलं. दिवेलागणीच्या आत भिंत स्वयंपाकघरावर कोसळली.

शेजारच्या पडवीत काकूंनी उराशी धरून आणलेल्या देवांच्या तसबिरी एकेक करून मांडल्या. एकीलाही काच नव्हती.