दाराकडे कललेली गाठ

हात काढ. गाठ सोडायची नाही, हे दारातच सांगितलं होतं ना तुला? — नंदीबैलासारखी मान डोलावलीस, आणि मी पाण्याचा पेला आणायला वळले नाही तोच बोटं घातलीस. रेशीम गाठीत राहून विरतं, हे मला नको शिकवूस. विरू दे. माझ्या नवऱ्याचे टाय आहेत, बांधलेलेच टांगलेत, न्यायचे तर असेच न्यायचे, नाहीतर आल्या वाटेनं जायचं. सुनेनं फोनवर फोटो टाकले, तिला हे कपाट हलवायचंय, तिचं बिचारीचं शिलाईचं मशीन बाहेर पॅसेजमध्ये पडलंय — तिचं चुकत नाही, पण मला कुणी विचारलं? नाही विचारलं. नुसतं सांगितलं, ‘आई, एक जण येतोय, जुने टाय जमवतो, चांगला मुलगा आहे.’ चांगल्या मुलाला मेलेल्या माणसाच्या गळ्यातलं कशाला लागतं रे?

विंटेज. बरं बाबा, विंटेज. आम्ही त्याला जुनेर म्हणायचो आणि त्यानं खिडक्या पुसायचो. आणि काय म्हणालास — आता जुन्यासारखे दिसणारे नवेही मिळतात? रुंद, ठसठशीत, सासऱ्याच्या लग्नातले वाटावेत असे, पण कोरे करकरीत? मग ते घे की! — नाही, त्यांना वजन नसतं, आतलं अस्तर लोकरीचं नसतं, मागची शिलाई हाताची नसते. कोण उलटं करून बघतंय तुझं अस्तर? तू बघतोस. हां, तूच बघतोस. दुसऱ्याला दिसू नये ते आपल्याला दिसलं की बरं वाटतं, असली माणसं असतात. मला माहीत आहेत. मीही त्यातलीच.

बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. आता नीट बघ, लांबूनच. दांडीवर टांगलेत ना सगळे? गाठींकडे बघ. सगळ्या गाठी खिडकीकडे कललेल्या आहेत, एका बाजूला मान टाकल्यासारख्या. त्या माझ्या. मी बांधलेल्या. ह्यांना काही म्हणजे काही बांधता यायचं नाही — बुटाची नाडी बांधली तर कोपऱ्यावर जाईपर्यंत सुटायची, पार्सल बांधलं तर पोस्टातला माणूस हसायचा. आणि नोकरी कुठली, तर हॉटेलात, काउंटरवर, टाय सक्तीचा. मग मी शिकले. टायच्या डब्यात एक चित्रांचा कागद आला होता, त्यावरून. दर शनिवारी सगळे सोडून इस्त्री करायची, आणि रविवारी सकाळी हे माझ्यासमोर उभे, हनुवटी वर, शाळेत निघालेल्या पोरासारखे — एक बांधला, सैल केला, डोक्यावरून काढला, टांगला. दुसरा बांधला, सैल केला, टांगला. आठवडाभराची बेगमी. बोलायचे तेवढ्यात. घरी एरवी तोंड उघडायचे नाहीत, पण गळ्याशी माझे हात असले की बोलायचे — कुठल्या पाहुण्यानं काय मागितलं, कोण चावी घेऊन पळालं. हसवायचे मेले. ‘हलू नका’ म्हणून दटावावं लागायचं.

ते सोड. तू माल बघायला आलायस.

तो शेवटचा दिसतोय? शेवाळी, विटकरी चौकटींचा? दिसणारच, तुझी नजर मघापासून तिथंच आहे. चांगलाय ना? सगळ्यांत चांगला तोच आहे. तो तुला फुकट. अरे खरंच फुकट, उपकार नाहीत, मला तो घरातून जायला हवाय. बाकीच्यांचं तू आणि सून काय ते ठरवा. पण तो आधी उचल. कचऱ्यात का नाही टाकला म्हणतोस? — टाकला असता तर संपलं असतं ना. तो समोर हवा होता मला. रोज कपाट उघडलं की ह्यांनाही दिसायला हवा होता.

त्याची गाठ बघ. सगळ्यांची खिडकीकडे, हिची दाराकडे. दिसलं? आंधळ्यालाही दिसेल. माझी बहीण बाळंत झाली म्हणून मी तिच्याकडे गेले होते, आणि कळवल्यापेक्षा आधीच परत आले. संध्याकाळी हे आले हॉटेलातून, काहीतरी समारंभ होता तिथं — आणि गळ्यात हा. नवा. मी न आणलेला. आणि गाठ कशी, तर चित्रातल्यासारखी, खाली ती बारीक खळीसुद्धा. मला बघून आधी दचकले, आणि मग काय म्हणाले ठाऊक आहे? ‘बघ, मी बांधला! माझा मी!’ — ज्या माणसाला नाडी बांधता येत नाही तो! उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी गाठीकडे बघितलं आणि पायाखालची जमीनच सरकली. उलटी. मी उजव्या हाताची, माझी गाठ खिडकीकडे. म्हणजे ही कुणाची? डावखुऱ्या माणसाची. आणि हॉटेलात टेलिफोनवर एक होती, मी स्वतः पाहिली होती, निरोप लिहून घ्यायची ते डाव्या हातानं, अशी मनगट वाकवून. देखणी होती. मला खुर्ची दिली होती तिनं, चहा मागवला होता — तेव्हा वाटलं, काय चांगली बाई! हातच्या काकणाला आरसा कशाला? मी तिथल्या तिथं सांगितलं, ह्यापुढे तिच्याकडूनच बांधून घ्या. आणि त्यानंतर एका टायला हात लावला नाही.

नाही, भांडले नाहीत ते. एकदा म्हणाले, ‘अगं, खरंच मी…’ मी ताट उचललं आणि आत गेले. पुन्हा बोलले नाहीत. तो टायही पुन्हा घातला नाही — चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी बांधून ठेवलेले त्या आठवड्याचे होते, तेच गळ्यात घालायचे. डोक्यावरून घालायचे, ओढायचे, संध्याकाळी सैल करून तसेच टांगायचे. रिटायर होईपर्यंत. म्हणून ह्या गाठी अशा कळकट झाल्यात, हा बघ, ह्याचं सूत दिसायला लागलंय. सोडल्या असत्या तर पुन्हा बांधणार कोण होतं? मी तर नव्हते. रविवारी सकाळी उगाच ह्या खोलीत येऊन उभे राहायचे. मी भांडी घासत बसायचे, लख्ख असलेली. माणूस चूक कबूल करता तर वेगळं होतं. नाही केली. शेवटपर्यंत नाही. दवाखान्यातही मी वाट बघितली.

काय बघतोयस? तुला कुणी एवढं विचारलं होतं?

थांब. ऊठ जरा. उजेडात ये. — हा तू घातलायस तो, तपकिरी, विणलेला. हा कुणी बांधून दिला? बायकोनं? लग्न नाही झालं. मग आईनं? — तूच. रोज? आणि तू डावखुरा आहेस का रे? नाही कसा? नीट सांग. लिहितोस कुठल्या हातानं? जेवतोस कुठल्या?

मग तुझी गाठ अशी का?

दाराकडे का कललीय तुझी गाठ? थांब, हलू नकोस, तो शेवाळी आण इकडे, तुझ्या छातीवर धरून बघते — शेजारी. हलू नकोस म्हणते ना! …तीच. तशीच. सोड तुझी. सोड, मी सांगते म्हणून सोड, आणि पुन्हा बांध माझ्यासमोर. हळू. तुझा उजवा हात तुझ्या उजवीकडे. तिकडून आणलास, वरून, आतून… मी समोर उभी राहिले की माझा उजवा हात येतो तुझ्या डावीकडे. म्हणून माझी खिडकीकडे. म्हणजे जो कुणी स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्यात… सगळेच? सगळ्या पुरुषांच्या अशाच असतात? मी कुठं बघितल्यात सगळ्या पुरुषांच्या? आमच्याकडे टाय घालणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या मीच बांधायचे!

नाही. गप्प बस. तू अस्तरं बघणारा माणूस, तुला काय कळतंय. कुणीतरी शिकवलं असेल. तिनंच शिकवलं असेल. — आणि नसेल शिकवलं तर? मी घरी नाही, समारंभ आहे, आरशासमोर उभं राहून… आणि येत होतं तर मग हे सगळे का नाही सोडले? विचार की मला. येत होतं बांधायला, चांगलं खळी पाडून येत होतं, तर सूत निघेपर्यंत माझ्याच गाठी गळ्यात कशाला घालत होते?

नको. नको सांगूस.

तो दे इकडे. फुकट म्हटलं होतं, आता नाही म्हणते. दे म्हटलं ना! बाकीचेही ठेव. दांडीवर, होते तसे. सुनेला सांग, म्हातारीनं हाकलून दिलं, तिला नवल वाटायचं नाही. जा तू. आणि पुन्हा फोन करू नकोस.

काय झालं आता? वाकडी झाली तुझी? मग माझ्यासमोर मान वर करून काय उभा राहतोस! मी नाही हात लावणार. बाहेर पॅसेजमध्ये आरसा आहे. तिथं जाऊन तुझी तू बांध.