कस्तुरीची दाढ

मंडळी, एक विचारतो. दुसऱ्याच्या लेकराचं चांगलं बघून आपल्या पोटात दुखतं, ते दुखणं शेवटी कुणाला भोगावं लागतं? ऐका.

हेमलता आणि द्वारका, सख्ख्या जावा. थोरली हेमलता तालुक्याला, धाकटी द्वारका गावात. हेमलतेनं लेकीला, सायलीला, फार जपलं. दुधात बुडवलेला पाव, किसलेलं सफरचंद, कडा काढलेली पोळी. पोरीला चावायचं कामच नाही! तेराव्या वर्षी दातावर दात चढले. डॉक्टर म्हणाले, "दात चांगलेत, जबड्यात जागा नाही. लहानपणी चावून खाल्लं नाही, की असंही होतं."

पुढं एका बारशाला द्वारकेची आठ वर्षांची कस्तुरी दातांनी ऊस सोलत बसली होती. बायका म्हणाल्या, "काय दात आहेत पोरीचे!" सायली तिथंच होती. तिच्याकडं कुणी बघितलं नाही — आणि हेमलतेच्या छातीत जाळ पेटला.

तिनं काय केलं? दर शनिवारी कस्तुरीला खाऊ धाडला. क्रीमची बिस्किटं, चिकट टॉफ्या. लोक म्हणाले, केवढी माया! तुम्हीही म्हणाला असता. पोरीनं भाकरी सोडली.

वर्षभरात कस्तुरीचा गाल सुजला. द्वारका तिला घेऊन तालुक्याला आली. डॉक्टर म्हणाले, "दाढ काढावी लागेल. ही दुधाची नाही, परत यायची नाही."

दाढ काढून दोघी हेमलतेच्या घरी आल्या. द्वारका रडत म्हणाली, "ताई, तुम्ही मायेनं खाऊ धाडलात. मलाच तिचे दात सांभाळता आले नाहीत."

हेमलतेला ते ऐकवेना. "मायेनं नाही गं धाडला," ती म्हणाली. "माझ्या सायलीचे दात तसे, आणि हिचे असे. मला बघवत नव्हतं."

द्वारकेनं लेकीचा हात धरला आणि ती निघून गेली. त्या घराची पायरी ती पुन्हा चढली नाही.

हेमलता वळली, तर दारात सायली उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई," ती म्हणाली, "माझे दात इतके वाईट आहेत का, की तू असं केलंस?"



मंडळी, हे ऐकताना तुमच्याही मनात कुणाचं तरी लेकरू आलं असेल. मान खाली घालू नका, माझ्याही मनात आलं. पण घरी गेल्यावर आधी आपल्या लेकराला जवळ घ्या. तुम्ही दुसऱ्याच्या लेकराकडं कसं बघता, हे ते रोज बघत असतं.